शेवटच्या सायकलीची मजल

वणीच्या माणसाला सायकलीचे अप्रूप वाटावे असे काही कारण नाही. राजूरच्या चुनाभट्टीवर जाणारा मजूर, कोळशाच्या खाणीतल्या पहिल्या पाळीसाठी अंधारातच घर सोडणारा कामगार, हँडलला दोहों बाजूंनी पिशव्या अडकवून बाजारातून परतणारा शेतकरी, ही सारी मंडळी पिढ्यान्‌पिढ्या सायकल चालवीत आली आणि त्यांतल्या एकालाही आपण काही पराक्रम करीत आहोत असे कधी वाटले नाही. त्यामुळे दोन वर्षांपूर्वी ऐन पौषातल्या थंडीत, डोक्यास शिरस्त्राण आणि अंगात झगझगीत पिवळे सदरे घालून, आम्ही तीस-बत्तीस इसम सात दिवसांच्या सामुदायिक सायकल-सफरीसाठी वरोऱ्याच्या वाटेला लागलो, तेव्हा चहाच्या टपरीवर शेकोटी घेत बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी आम्हांस थांबवून अतिशय सहानुभूतीने विचारले, “काहून जी, मोटार नाही भेटली का?”

या प्रश्नाला त्या वेळी आम्ही हसून बगल दिली. परंतु सात दिवस तो माझ्या मागच्या कॅरिअरवर बसून आला, असे म्हटले तरी चालेल. मोटार मिळत असता, रेल्वे मिळत असता, ज्याला एकट्याने हवे तिकडे हिंडण्याची मोकळीक आहे अशा माणसाने दुसऱ्याने आखलेल्या मार्गाने, दुसऱ्याने ठरविलेल्या वेळी, तीस अनोळखी माणसांच्या रांगेत स्वतःच्या पायांनी का जावे?

अशा सफरींचा आजचा जगप्रसिद्ध नमुना अमेरिकेतल्या आयोवा प्रांतात सापडतो. आपल्याकडे जसा कापूस तसा तिकडे मका. दुतर्फा क्षितिजापर्यंत शेते आणि मधून जाणारे लहान गावांचे रस्ते. १९७३ साली तेथील ‘डे मॉइन रजिस्टर’ या वृत्तपत्रातील जॉन कॅरस आणि डोनाल्ड कॉल या दोन लेखकांनी प्रांताच्या पश्चिम सीमेवरील सू सिटीपासून पूर्व सीमेवरील डॅव्हनपोर्टपर्यंत सायकलीने जाण्याचे ठरविले आणि वाटेत कोणास बरोबर यावयाचे असल्यास यावे, अशी सूचना आपल्या पत्रातून दिली. दोघांची गंमत म्हणून निघालेल्या या स्वारीला आरंभीच सुमारे ३०० माणसे येऊन मिळाली आणि त्यांतली शंभराहून काही अधिक शेवटपर्यंत टिकली. पुढे तिला वार्षिक उत्सवाचे रूप आले. दर जुलैच्या अखेरीस हजारो लोक एका आठवड्यात पश्चिमेकडील मिसूरी नदीकडून पूर्वेकडील मिसिसिपीकडे जातात. निघताना मागचे चाक एका नदीत भिजवावयाचे आणि पोचल्यावर पुढचे चाक दुसरीत, असा तिकडचा रिवाज आहे. परंतु पहिल्या वर्षीची जी गोष्ट आयोवातले लोक अजून सांगतात ती सर्वांत वेगाने पोचलेल्याची नाही. क्लॅरन्स पिकर्ड नावाचे ८३ वर्षांचे एक वृद्ध गृहस्थ एका जुन्या, बायकांच्या सायकलीवर बसून आले आणि सबंध अंतर कापून गेले, ही ती गोष्ट होय. त्या वर्षी पहिला कोण आला हे विचारण्याची कोणास गरजही वाटली नसावी, कारण ती शर्यत नव्हतीच.

आपल्या देशात २००८ पासून दर डिसेंबरात नीलगिरीच्या डोंगरांतून अशी आठवड्याभराची सफर निघते आणि चढ-उतारांची हौस असलेले लोक तिला देशभरातून येतात. मुंबईच्या तरुणांचे वेड तर याहून पुष्कळ जुने. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी सहा पारशी तरुण मुंबईहून जगाच्या प्रदक्षिणेस सायकलीवर निघाले आणि त्यांपैकी अदी हकीम, जाल बापासोला व रुस्तुम भुमगरा हे तिघे मार्च १९२८ मध्ये सुमारे ७१००० किलोमीटरचा प्रवास करून परतले. त्यांच्या बरोबर ना टेम्पो होता ना आचारी. आमच्या सातदिवसीय सुखासीन पर्यटनाशी त्या साहसाची तुलना करणे हा उद्धटपणा ठरेल. म्हणून तो विषय येथेच सोडतो.

खरे म्हणजे आखीव सामुदायिक प्रवासाचे शास्त्र शिकण्यासाठी महाराष्ट्राने आयोवाकडे पाहण्याचे प्रयोजन नाही. आळंदीहून निघणाऱ्या पालखीतील एखाद्या दिंडीचा कारभार ज्याने जवळून पाहिला असेल, त्याला आमच्या सफरीतली प्रत्येक तजवीज ओळखीची वाटेल. दिंडीला क्रमांक असतो, रथाच्या पुढे अथवा मागे तिची जागा ठरलेली असते, सामानाचा ट्रक आणि स्वयंपाकाची माणसे पुढच्या मुक्कामी अगोदर रवाना होतात, आणि सायंकाळच्या समाजआरतीस चोपदाराने दंड उंचावताच टाळ-मृदंग थांबून दिंड्यांच्या तक्रारी व हरवल्या-सापडल्या वस्तूंची वर्दी ऐकली जाते. हैबतबाबा आरफळकरांनी ही शिस्त एकोणिसाव्या शतकात बसविली, आणि लष्करी धाटणीच्या त्या बंदोबस्तात भक्तीला कोठे अडचण झाल्याचे ऐकिवात नाही. आमच्या सफरीत चोपदाराच्या जागी शिट्टी होती. दररोज रात्री जेवणापूर्वी ती वाजे, मग हजेरी, मग दुसऱ्या दिवशीच्या मार्गाचा मजकूर, आणि शेवटी कोणाचा हातमोजा, कोणाची पाण्याची बाटली, कोणाची कवळी (होय, एकदा कवळीही) परत केली जाई.

कारभाराचा सांगाडा असा. सर्वांच्या पुढे एक वाटाड्या; त्याच्या पुढे जाण्यास मनाई. मध्ये स्वयंसेवक विखुरलेले. सर्वांच्या मागे एक अनुभवी सायकलस्वार, ज्याचे काम शेवटच्या माणसाच्याही मागे राहणे एवढेच. आणि त्याच्यामागून सामान, सुटे भाग, औषधांची पेटी व थकलेल्यांसाठी जागा असलेला टेम्पो. दर १२ ते १५ किलोमीटरवर पाणी, केळी आणि मीठ-साखरेचे सरबत. वळणावर रस्त्यात चुन्याने बाण. सकाळी सहाच्या सुमारास निघणे आणि ऊन चढण्याच्या आत निम्म्याहून अधिक मजल मारणे, हा शिरस्ता सातही दिवस पाळावयाचा होता. अपवाद फक्त एका दिवसाचा झाला आणि त्याचे कारण पुढे येईल.

पहिला मुक्काम आनंदवनात. वणीहून वरोऱ्याला जाताना पाटाळ्याच्या पुलावर वर्धा नदी लागते आणि यवतमाळ जिल्ह्याची सरहद्द संपते. पौषातल्या पहाटे त्या पुलावर धुके असे दाटलेले असते की पुढच्याची फक्त लाल बत्ती दिसावी. नदी ओलांडली की अर्ध्या सकाळीत वरोरा येते. मजल मुद्दाम लहान ठेविली होती. पहिल्या दिवशी पाय दुखले तरी उत्साह दुखावू नये, हा त्यामागचा हिशेब. मुक्कामाची जागा मात्र सायकलस्वारांसाठी याहून समर्पक मिळणे कठीण होते.

बाबा आमटे यांनी कुष्ठरुग्णांसह उभारलेल्या या वसाहतीची कीर्ती सर्वांस ठाऊक आहे. परंतु सायकलीच्या इतिहासात तिचे स्थान काय, हे आमच्यातल्या तरुणांना नवीन होते. १९८४ च्या दंगलींनी आणि पंजाबातल्या अशांततेने देशाचे मन फाटले असता, सत्तरी ओलांडलेल्या बाबांनी डिसेंबर १९८५ मध्ये कन्याकुमारीहून काश्मीरकडे ‘भारत जोडो’ अभियान काढले. त्यात १०० तरुण आणि १६ तरुणी सायकलींवर होत्या, आणि एप्रिल १९८६ पर्यंत त्यांनी पाच हजारांहून अधिक किलोमीटर तुडविले. पुढे १९८८-८९ साली अरुणाचलातल्या इटानगरपासून गुजरातच्या ओख्यापर्यंत, साडेसात हजार किलोमीटरांचे दुसरे अभियान झाले. यात विचार करण्याजोगी गोष्ट अशी की, ज्याच्या शब्दावर एवढी तरुणाई पायडल मारीत होती तो पुरुष स्वतः सायकलीवर नव्हता. मणक्याच्या व्याधीमुळे बाबांना बसता येत नसे. उभे राहावयाचे अथवा आडवे पडावयाचे, एवढेच त्यांच्या हाती होते, आणि म्हणून हा सबंध देश त्यांनी वाहनात आडवे पडून ओलांडला. ज्याला चालविता येत नाही त्याला वगळून न जाता त्याला बरोबर घेऊन जाण्याची योजना म्हणजे सामुदायिक सफर, अशी व्याख्या कोणी केली तर तिचे उदाहरण वणीच्या शेजारीच आहे.

दुसऱ्या दिवशी भद्रावती. तेथे विजासनची लेणी आणि पार्श्वनाथाचे जैन मंदिर पाहण्यात दुपार कशी गेली ते कळले नाही. तिसऱ्या दिवशी चंद्रपूर. गोंड राजांच्या परकोटाच्या दरवाजातून तीस सायकली एकामागून एक आत शिरल्या तेव्हा शहरातल्या पोरांनी केलेला जयघोष आमच्या योग्यतेच्या मानाने फारच अधिक होता.

तिसऱ्या रात्रीच शरीर आपले खरे म्हणणे मांडू लागते. अनुभवी लोक सांगतात की पहिल्या दिवशी हौस चालविते, दुसऱ्या दिवशी लाज, आणि तिसऱ्या दिवसानंतर सवय. परंतु हौस आणि लाज ओसरून सवय अजून यावयाची असते त्या मधल्या संध्याकाळी पुष्कळांना टेम्पोचे आकर्षण वाटू लागते. दुखणी बहुधा दोनच ठिकाणची. गुडघा दुखतो तो बहुतेकदा सीट खाली असल्यामुळे: पायडल अगदी तळाशी असता पाय जवळजवळ सरळ, गुडघ्यात किंचित बाक ठेवून असावा, हा साधा नियम आपल्या गावी कोणी सांगत नाही, कारण आपण सीटवर बसल्याबसल्या दोन्ही पाय जमिनीस टेकविण्यात सुरक्षितता मानतो. दुसरे दुखणे बैठकीचे. त्यावर गादीची चड्डी, स्वच्छता आणि खोबरेल तेल हेच उपाय, आणि मऊ जाड सीट हा उपाय नव्हेच, ही गोष्ट प्रत्येकाने स्वतःच्या अनुभवाने शिकावी अशी जणू निसर्गाची योजना आहे. जड गिअरवर दात-ओठ खात पायडल रेटण्यापेक्षा हलक्या गिअरवर मिनिटाला ८० च्या आसपास फेरे मारावेत. तहान लागण्यापूर्वी प्यावे, भूक लागण्यापूर्वी खावे. या शेवटच्या नियमाचा आमच्या मंडळींनी तर्री-पोहे आणि आलुबोंडे यांच्या बाबतीत जरुरीहून अधिक निष्ठेने अंमल केला.

रांगेत चालण्याचेही एक गणित आहे. सायकलस्वाराचा मुख्य शत्रू वारा. वेग वाढला की श्रमांचा मोठा भाग हवा बाजूस सारण्यात जातो. पुढच्याच्या मागे हात-दोन हात अंतर राखून चालणाऱ्यास सुमारे चतुर्थांश श्रम वाचतात. म्हणून जाणते लोक पुढची जागा पाळीपाळीने घेतात: वारा थोडा वेळ आपण सोसावयाचा, मग बाजूस सरून मागे जावयाचे. मात्र नवशिक्यांनी चाकाला चाक लावून चालू नये. एकाने ब्रेक दाबला की पाच पडतात. आमच्यात दोघे पडले, आणि त्यांतला एक मी होतो.

चौथा दिवस अपवादाचा. चंद्रपूर ते मूल हा रस्ता जंगलातून जातो आणि ताडोब्याच्या शेजारचे ते जंगल नावापुरते नाही. म्हणून त्या दिवशी पहाटे निघण्यास सक्त मनाई होती. सूर्य चांगला वर आल्यावर आणि सर्वांनी एकाच जथ्याने, गाणी म्हणत, घंट्या वाजवीत जावे असा हुकूम होता. जथा एकत्र राखावयाचा म्हणजे वेग सर्वांत मंद माणसाचा. आमच्यातले जे वाऱ्याच्या वेगाने पुढे पळत आणि मुक्कामी आंघोळ करून आमची वाट पाहात, त्यांना त्या दिवशी प्रथमच रस्त्याकडेचे सागवान, मोहाची झाडे आणि आपले सहप्रवासी दिसले. मूलजवळ सोमनाथला रात्र काढली. १९६७ पासून बाबांची श्रमसंस्कार छावणी जेथे भरते तेच हे ठिकाण. पाचव्या दिवशी वैनगंगा ओलांडून गडचिरोली जिल्ह्यातल्या मार्कंड्याला गेलो. तेथील मंदिरसमूहावरचे शिल्प सायकलीच्या घाईने पाहण्याचे नाही. आम्ही ते घाईनेच पाहिले, याची खंत आहे. सहाव्या दिवशी आल्या वाटेने चंद्रपूरला परत. ही सर्वांत लांब मजल होती, आणि तिच्याविषयी सांगण्यासारखे काही घडले नाही हेच तिचे यश.

सातव्या दिवशीचा घुग्घुस ते वणी हा रस्ता मी जन्मापासून जाणतो, आणि तरी सायकलीवरून तो मला परका वाटला. कोळशाच्या ट्रकांची न तुटणारी रांग, पापण्यांवर बसणारी काळी धूळ, डांबराच्या कडेला तुटून गेलेली साइडपट्टी. याच कडेवरून खाणीतला कामगार रोज जातो. त्याच्यामागे टेम्पो नाही, पुढे सरबत नाही, आणि पिवळा सदरा तर नाहीच. आम्ही सात दिवस ज्याला सफर म्हणत होतो त्याला तो ड्यूटीवर जाणे म्हणतो. आमच्या जथ्यातल्या एका डॉक्टरांनी तोंडावर रुमाल बांधला. समोरून येणाऱ्या कामगाराने तो अगोदरच बांधलेला होता.

वणीत पोचलो तेव्हा दुपारचे बारा झाले होते. शिट्टी झाली, वही उघडली, हजेरी सुरू झाली, आणि एक नाव कमी भरले. मागे राहिलेला कोणी थकलेला स्वार असेल म्हणून टेम्पोवाल्यास विचारले, तर टेम्पो येऊन पोचलेला. कमी होता तो सर्वांच्या मागे राहण्याची ज्याच्यावर जबाबदारी होती तोच. जेवणे खोळंबली. वीस मिनिटांनी तो आला, दोन्ही हात मनगटापर्यंत वंगणाने काळे. वाटेत शाळेतून परतणाऱ्या एका मुलीच्या सायकलीची चेन तुटली होती. ती आमच्यातली नसली तरी रस्त्यावर त्या वेळी शेवटची तीच होती, असे त्याने सांगितले, आणि हात धुण्यासाठी साबण कोठे आहे ते विचारले.