दारचा तरवड

आमच्या गावात नळाला आठ दिवसांनी पाणी येतं. उन्हाळ्यात त्याचाही भरवसा नाही. तरी हौसेनं मी गुलाब, शेवंती लावली. भाज्या धुतलेलं पाणी घालून घालून दमले. मे महिन्यात सगळं वाळून गेलं.

"अगं, त्यापेक्षा तरवड लाव की," सासूबाई म्हणाल्या. मला हसूच आलं. माळावरचं झुडूप कुणी अंगणात लावतं का? उलट घर बांधताना कुंपणाजवळचा तरवड मीच मुळासकट काढायला लावला होता.

त्याचं मोल कळलं नवरात्रात. घटाला तरवडाच्या फुलांची माळ, ही आमच्या घरची रीत. सासूबाई फुलं आणायला गेल्या आणि रिकाम्या हातानं परतल्या. रस्ता रुंद झाला, कडेची झुडपं गेली. त्या वर्षी झेंडूची माळ झाली. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण मला ते लागलं.

मग माळावरून वाळक्या शेंगा आणल्या. बी टणक असतं, म्हणून रात्रभर गरम पाण्यात भिजवलं आणि पावसाच्या तोंडावर थेट जमिनीत पेरलं. पहिला उन्हाळा थोडं पाणी दिलं, नंतर नाहीच. शेळ्याही सहसा तोंड लावत नाहीत.

आता पिवळाधमक बहर येतो. या फुलात मध नसतो, असतो तो पराग, तोही बारीक छिद्रं असलेल्या नळ्यांत बंद. काळा भुंगा फुलाला बिलगून घूं घूं करतो, त्या थरथरीनं पराग बाहेर पडतो. वांग्याच्या, टोमॅटोच्या फुलांचंही तसंच. म्हणजे तरवडावर येणारा भुंगा माझ्या परसातल्या वांग्यांच्याही कामाचा! पानांवर हिरव्या अळ्या दिसल्या तर औषध मारू नका. त्यांचीच फिकट फुलपाखरं होतात.

शेजारच्या तेलंगणात हाच तरवड 'तंगेडू' नावानं राज्यफूल आहे. बतुकम्माच्या सणात त्याला मान असतो. आपण मात्र त्याला रान म्हणून उपटतो.

गेल्या नवरात्रात सासूबाईंनी अंगणातच फुलं खुडली. "चार फुलं राहू दे गं, भुंग्याला," म्हणाल्या.

मैत्रिणींनो, यंदा तरवडाच्या शेंगा दिसल्या तर मूठभर बी नक्की जपून ठेवा.