शेवटची सहा अक्षरं

संमतीपत्र इंग्रजीत, सही मात्र आपली! म्हणून मैत्रिणींनो, शब्दाच्या शेवटची ‘ई-सी-टी-ओ-एम-वाय’ ही अक्षरं तेवढी ओळखायला शिका. ‘एक्टमी’ म्हणजे कापून काढून टाकणं. अपेंडेक्टमीत अपेंडिक्स जातं. ‘हिस्टरेक्टमी’त गर्भपिशवी, ग्रीकमध्ये ‘हिस्टेरा’ म्हणजे गर्भाशय. शेजारी ‘ऊफोरेक्टमी’ असेल तर अंडाशयही! दोन्ही अंडाशयं गेली की पाळी जातानाचे त्रास ऐन तिशीतही सुरू होतात. सहीआधी विचाराच, ‘डॉक्टर, नेमकं काय काय काढणार?’ बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशवीच्या ऑपरेशनांची २०१९मध्ये सरकारला समिती नेमून चौकशी करावी लागली.

आधीचं ‘ई-सी’ नसेल, जसं लॅपरॉटमी, तर त्या शब्दात फक्त पोट उघडणं येतं. (नुसतं ‘टॉमी’ उरलं की आमच्या बचत गटात हशा पिकतो. पिकू दे, लक्षात राहतं!)