फुलोरा : संज्ञेचा अर्थ आणि उपयोग

वनस्पतीच्या अक्षावर फुले ज्या रीतीने मांडलेली असतात तिला ‘पुष्पविन्यास’ आणि त्या मांडणीने सिद्ध होणाऱ्या फुलांच्या समूहाला ‘फुलोरा’ किंवा ‘पुष्पबंध’ म्हणणे सोयीचे आहे. लेखनात हे शब्द एकमेकांऐवजी येतात. परंतु रीत आणि वस्तू यांतील भेद मूळ संज्ञेच्या इतिहासातही दिसतो. लिनीअसने १७५१ मध्ये ‘फिलॉसॉफिया बोटॅनिका’ या ग्रंथात ‘इन्फ्लोरेसेन्शिया’ ही संज्ञा योजिली ती फुले देठांनी वनस्पतीला जोडली जाण्याच्या रीतीसाठी. पुढे ती त्या समूहालाच लावली जाऊ लागली.

फुलोऱ्याचे दोन मुख्य वर्ग मानले जातात. अकुंठित फुलोऱ्यात मुख्य अक्ष वाढत राहतो आणि फुले खालून वर उमलत जातात. पळसाची मंजरी या वर्गातील होय. कुंठित फुलोऱ्यात अक्षाचा शेवट फुलात होऊन त्याची वाढ खुंटते व टोकाचे फूल प्रथम उमलते. त्याला ‘वल्लरी’ म्हणतात. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. अमरकोशात ‘वल्लरी’ व ‘मंजरी’ हे समानार्थी शब्द आहेत; आधुनिक परिभाषेने मात्र त्यांना परस्परविरुद्ध वर्गांत नेऊन बसविले आहे. घरोघरची तुळशीची मंजरी पाहिली तर हा प्रश्न अधिकच स्पष्ट होतो. तिच्या प्रत्येक पेऱ्यावर समोरासमोर तीन-तीन फुलांच्या दोन वल्लरी असतात. लोकभाषेतील ही मंजरी, काटेकोरपणे पाहता, एका अक्षावर रचलेल्या वल्लरींची माळ आहे.

‘कणिश’ या संज्ञेचीही हीच गत आहे. शास्त्रात कणिश म्हणजे बिनदेठाची फुले धारण करणारा अक्ष. ज्वारीचे ‘कणीस’ मात्र शाखायुक्त असल्यामुळे परिमंजरी ठरते. उलट गव्हाची ‘ओंबी’ ही कणिशकांनी बनलेले कणिश आहे. ही अडचण केवळ मराठीची नव्हे. ‘रेसीम’ या इंग्रजी संज्ञेचे मूळ असलेल्या लॅटिन शब्दाचा अर्थ द्राक्षांचा घड. आणि द्राक्षाचा फुलोरा शाखायुक्त असल्याने त्या संज्ञेच्या व्याख्येत बसत नाही.

शब्दाच्या ओळखीवर विसंबण्यात धोका आहे, तसा एकाच लक्षणावर विसंबण्यातही आहे. त्याचे उत्तम उदाहरण धान होय. गोंदिया जिल्ह्यात सडक-अर्जुनी तालुक्यातील कोहमारा आणि अर्जुनी-मोरगाव तालुक्यातील नवेगावबांध यांचा परिसर तलावांचा व धानाच्या बांध्यांचा. खरिपाचे धान निसवल्यावर येथील कोणत्याही बांधीत पुढील गोष्टी पाहता येतात. धानाची लोंबी परिमंजरी असून परिमंजरीची गणना सामान्यतः अकुंठित वर्गात होते. तेव्हा ती खालून वर उमलावी अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात टोकाकडील कणिशके आधी उमलतात आणि हा क्रम बुडाकडे उतरत जातो. मुख्य अक्षाचे वर्धनशील टोकही शाखा दिल्यावर खुंटते. त्याचा सूक्ष्म अवशेष सर्वांत वरच्या शाखेच्या तळाशी राहतो. बाह्य रूपाने परिमंजरी आणि वाढीने कुंठित, असे दोन्ही धर्म एकाच लोंबीत एकत्र आलेले आहेत.

हा विचार केवळ नावापुरता नाही. धानाचा संकर करताना टोकाकडील उमलून गेलेली आणि बुडाकडील अपक्व कणिशके छाटून मधली, उमलण्याच्या बेतातील कणिशके निवडावी लागतात. परिमंजरी म्हणजे खालून वर उमलणारी, एवढेच पाठ केलेल्या विद्यार्थ्याची निवड येथे उलटी होईल.

म्हणून वर्णन लिहिताना तीन गोष्टी स्वतंत्रपणे नोंदवाव्यात : अक्षाची वाढ चालू राहते की खुंटते, अक्ष साधा आहे की शाखायुक्त आणि फुले सदेठ आहेत की बिनदेठ, आणि उमलण्याचा क्रम कोणता. संज्ञा त्यानंतर लिहावी. मंजरी, कणीस, लोंबी, तुरा, मोहोर हे लोकभाषेतील शब्द रूप आणि पीक पाहून घडलेले आहेत व त्या व्यवहारात ते अचूकच आहेत. शास्त्राने त्यांतील काही शब्द उसने घेऊन त्यांना नवा अर्थ दिला. त्या नव्या अर्थाची खातरजमा शब्दकोशात नव्हे, तर हातातील वनस्पतीवरच करावी लागते.