परसातलं मॅग्नोलिया

जगबुडी दुथडी भरून वाहत असते, अंगणात शेवाळ धरलेलं असतं, आणि खेडच्या एखाद्या वाडीत वळताना सोनचाफ्याचा वास येतो. झाड नंतर दिसतं. एक फूल देवाला, एक अंबाड्यात, एवढी या फुलाची ओळख घरोघर असते. हेच आपलं मॅग्नोलिया, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असतं.

१७५३ मध्ये लिनियसने त्याला ‘मिचेलिया चंपाका’ म्हटलं. ‘चंपाका’ म्हणजे आपलाच चंपक. आता तो ‘मॅग्नोलिया चंपाका’ झाला आहे. मॅग्नोलिया हे नाव १७०३ मध्ये शार्ल प्ल्युमिए यांनी पिएर मान्योल या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या गौरवार्थ दिलं. पुढे प्ल्युमिएंचंही नाव एका झाडाला मिळालं, प्लुमेरिया. म्हणजे देवळापुढचा खुरचाफा! पण दोन्ही चाफ्यांचं नातं काहीच नाही. खुरचाफा अमेरिकेतून आलेला, कण्हेरीच्या कुळातला. फांदी मोडली की चीक गळतो. सोनचाफ्याला चीक नाही. त्याच्या नात्यात बसतो तो हिरवा चाफा, कारण तो सीताफळाच्या कुळातला आणि ती दोन्ही कुळं एकाच गणातली.

आता एक फूल हातात घ्या. जास्वंदीला असतो तसा हिरवा पेला इथे नाही. बाहेरून आतपर्यंत सगळ्या पिवळ्या पाकळ्याच. त्या अलगद काढल्या की मधे छोटा दांडा उरतो. खाली पुंकेसरांची दाटी, मग थोडी मोकळी मान आणि वर स्त्रीकेसर, मळसूत्रासारखे चढत गेलेले. फुलांची ही फार जुनी घडण. अमेरिकेतल्या कॅन्ससमध्ये सापडलेल्या ‘आर्किअँथस’ या सुमारे १० कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाश्मातही लांब दांड्यावर असेच स्त्रीकेसर रचलेले आहेत. मॅग्नोलियांकडे परागकण खायला भुंगेरे येतात. फूल आधी मादी असतं, पराग नंतर मोकळे होतात. त्यामुळे आपलेच पराग आपल्याच फुलावर पडणं बरंचसं टळतं. मला यातली हुशारी दरवेळी नव्याने थक्क करते.

फळं पिकली की उकलतात आणि लाल बिया बाहेर डोकावतात. पाखरं त्यांवर तुटून पडतात. बी वाळलं की त्याची उगवण्याची ताकद लवकर जाते, म्हणून ताजंच पेरावं लागतं. हल्ली फूल लवकर मिळावं म्हणून सगळे कलमंच लावतात, ते ठीकच. पण परसात जागा असेल तर शेजारी एक बियांचं झाडही लावा. फुलायला ते काही वर्षं घेईल, पण छपराच्याही वर जाईल.