तीन गावे आणि एक वही

मुलगी परदेशी शिकायला निघाली म्हटले, की लोक पहिला प्रश्न विचारतात तो देशाचा आणि दुसरा खर्चाचा. गावाचा प्रश्न कोणी विचारीतच नाही. वास्तविक दोन वर्षे काढायची असतात ती गावात. भाडे द्यायचे, भाजी आणायची, रात्री अभ्यास आटोपून एकटीने घरी यायचे, ते सगळे गावात. ही साधी गोष्ट मला वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, आणि तीही भाचीकडून, शिकावी लागली.

त्याचे असे झाले. माझी धाकटी बहीण मिरजेला शाळेत शिक्षिका आहे. यजमान गेल्यापासून घर तिच्या एकटीच्या पगारावर चालते. तिची मुलगी पुण्याला धातुशास्त्राची इंजिनिअर झाली आणि पुढले शिक्षण जर्मनीत घ्यायचे म्हणू लागली. मी बँकेत छत्तीस वर्षे काढलेली, त्यातली दहा कर्जखात्यात. साहजिकच बहीण म्हणाली, "दादा, तू फक्त आकडे बघ. झेपेल की नाही, तेवढं सांग."

आरंभी आम्ही पुण्यातल्या एका सल्लागाराकडे गेलो. त्याने गुळगुळीत कागदावरची चित्रे दाखवली आणि एका मोठ्या शहरातल्या खासगी कॉलेजाचे नाव पुढे केले. फी ऐकून बहिणीने पदर सावरला. मी विचारले, "सरकारी विद्यापीठांत फी नसते म्हणतात, ते खरं का?" त्यावर त्याने आमच्यासाठी चहा मागवला, उत्तर मात्र दिले नाही. मध्यस्थाला दलाली कोणाकडून मिळते, हे ज्याचे त्याने ओळखावे. चहा घेऊन आम्ही उठलो.

घरी येऊन मी दोनशे पानी वही घातली आणि अभ्यासाला लागलो. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत परदेशी विद्यार्थ्यालाही शिकवणीची फी नसते. दर सत्राला थोडी वर्गणी भरावी लागते, इतकेच. पण 'फुकट' या शब्दावर बँकेतल्या माणसाने कधी विसंबू नये. २०२२ च्या नोव्हेंबरपासून भारतीय विद्यार्थ्याला आधी आपली प्रमाणपत्रे तपासून घ्यावी लागतात. त्याचे १८,००० रुपये झाले. पुढे व्हिसासाठी एका वर्षाच्या खर्चाची रक्कम बंदिस्त खात्यात ठेवून दाखवायची. २०२४ च्या सप्टेंबरपासून हा आकडा ११,९०४ युरो झाला, म्हणजे अकरा लाख रुपयांच्या वर. हे पैसे आपलेच असतात. तिथे पोचल्यावर महिन्याला ९९२ युरो या हिशेबाने परत मिळतात. आजारपणाच्या विम्याला महिना १४० युरोंच्या वर जातात. आणि घरात रेडिओ असो वा नसो, नभोवाणीची पट्टी म्हणून दर बिऱ्हाडामागे महिना १८.३६ युरो! हे वाचून मी बहिणीला म्हटले, "आपल्याकडे रेडिओला लायसन लागायचं, त्याचीच ही आतेबहीण."

२०२५ च्या उन्हाळ्यात भाचीला तीन ठिकाणचे प्रवेश आले. तिन्ही गावे लहान. म्युनिकसारख्या शहरात एका खोलीला सात-आठशे युरो पडतात. लहान गावात विद्यार्थ्यांच्या वसतिगृहातली खोली तीनशेच्या आसपास मिळते. शिवाय म्युनिकच्या तंत्र विद्यापीठाने २०२४ च्या हिवाळी सत्रापासून युरोपबाहेरच्या नव्या विद्यार्थ्यांना फी लावलेली. तेव्हा मोठ्या शहराचा विषय संपलाच होता.

पहिले गाव क्लाउस्थाल-त्सेलरफेल्ड. हार्झ पर्वतावरचे, जुन्या चांदीच्या खाणींचे. तिथले खाणीचे विद्यालय १७७५ चे. क्षयाचे जंतू शोधणारे रॉबर्ट कॉख याच गावी १८४३ मध्ये जन्मले. १८९७ साली प्लेगच्या अभ्यासासाठी ते मुंबईला आले होते. हे ऐकून बहिणीला ते गाव एकदम ओळखीचे वाटू लागले.

दुसरे फ्रायबेर्ग, सॅक्सनी प्रांतातले. चाळीसेक हजार वस्ती. ११६८ मध्ये तिथे चांदी सापडली. १७६५ मध्ये खाणकामाची अकादमी निघाली. जगात आजही चालू असलेली ती सर्वांत जुनी अकादमी. जर्मेनियम हे मूलद्रव्य तिथल्याच क्लेमेन्स विंकलर यांनी १८८६ मध्ये शोधले. भाचीच्या पाठ्यपुस्तकातले अर्धे पान या गावाचे!

तिसरे आलेन. हे दक्षिणेकडे बाडेन-व्युर्टेम्बेर्ग प्रांतात. भिंगांसाठी प्रसिद्ध असलेली त्साइस कंपनी शेजारच्या ओबरकोखेनची. सगळा मुलूख कारखान्यांचा. पण या प्रांताने २०१७ पासून युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो फी लावली आहे. चार सत्रांचे ६,००० युरो, म्हणजे जवळजवळ सहा लाख रुपये.

माझी बेरीज एका रात्रीत झाली. क्लाउस्थाल सर्वांत स्वस्त, फ्रायबेर्ग त्याच्या पाठोपाठ, आलेन शेवटचे. भाचीचे मन मात्र आलेनवर. "मामा, तिथं कारखाने आहेत. नोकरी लागली की सहा लाख कुठल्या कुठं फिटतील." त्याच रात्री बहिणीने मला स्वयंपाकघरात बोलावून हळूच विचारले, "दादा, माझा प्रॉव्हिडंट फंड किती काढता येईल रे?" ते भाचीने ऐकले असावे. सकाळी ती माझ्या वहीपाशी येऊन बसली आणि म्हणाली, "मामा, यात एक रकाना कमी आहे. तिथं राहणाऱ्या मुलींना कोणी विचारलंय का?"

मग तिने तिन्ही ठिकाणी शिकणाऱ्या भारतीय मुलींचा पत्ता काढून प्रत्येकीला तेच पाच प्रश्न लिहिले. खोली किती दिवसांत मिळाली? हिवाळ्यात बाहेर पडता येते का? रात्री एकटी घरी येतेस का? जर्मन न येता काम मिळाले का? आणि तुझ्या आधी पास झालेले आज कुठे आहेत? नोकरीत मी शेकडो कर्जदारांच्या मुलाखती घेतल्या. इतके नेमके प्रश्न मला सुचले नव्हते.

उत्तरे आली आणि माझी वही उलटीपालटी झाली. क्लाउस्थालची मुलगी लिहिते, शिकवणे उत्तम, वर्ग लहान, प्राध्यापक नावाने ओळखतात. पण गावाला रेल्वे स्टेशन नाही. गोस्लारपर्यंत बसने जायचे, बर्फ पडले की रात्रीची शेवटची बस धरण्याची धास्ती. आलेनची मुलगी लिहिते, कारखाने आहेत हे खरे, पण भाषा नीट आल्याशिवाय त्यांचे दार उघडत नाही आणि खोलीसाठी तीन महिने वणवण झाली. म्हणजे सहा लाख भरून नोकरी मिळते असे नव्हे. नोकरीच्या दाराशी उभे राहायला मिळते.

फ्रायबेर्गचे उत्तर सर्वांत लांब होते. वसतिगृहात खोली लवकर मिळाली. ड्रेस्डेन आगगाडीने पाऊण तासाच्या आत, आणि तिथे अर्धवाहकांचे मोठमोठे कारखाने. खुद्द गावात सौर तबकड्यांचा कारखाना होता, तो २०२४ च्या मार्चमध्ये बंद पडला आणि सुमारे पाचशे माणसांचे काम गेले; तेव्हा गावातल्या नोकरीवर विसंबू नये. शेवटी तिने लिहिले होते, 'दिवसा भीती नाही. रात्री उशीर झाला तर आम्ही दोघी-तिघी मिळून येतो. क्वचित कोणी वाकडे बोलते. ते सांगितल्यावाचून बोलावणे बरे नव्हे.'

या ओळीवर बहिणीचा जीव अडकला. सॅक्सनीत २०२४ च्या सप्टेंबरात निवडणूक झाली, तीत परदेशी लोकांच्या येण्याला विरोध करणाऱ्या पक्षाला ३०.६ टक्के मते पडली होती. मीच कधीतरी ते वाचून दाखवले होते! भाची आईजवळ बसली. म्हणाली, "आई, जिनं वाईटही लिहिलं, तिच्या चांगल्यावर मी विश्वास ठेवते. आणि तुझा फंड मोडून मला कुठं जायचं नाही." फ्रायबेर्ग ठरले ते असे. वहीत दुसऱ्या नंबरावर असलेले गाव.

२०२५ च्या ऑक्टोबरात ती गेली, आणि पहिल्याच आठवड्यात या बँकवाल्या मामाची चूक उघडकीला आली. मी बारा महिन्यांचा खर्च चोख मांडला होता. पहिल्या आठवड्याचा मांडलाच नव्हता. खोलीची अनामत, पहिले भाडे, विमा, गादी-रजई, जाड कोट, सगळे एकदम अंगावर आले. बंदिस्त खात्यातून तर महिन्याला ९९२ च्या वर कवडी निघत नाही. शेवटी बहिणीने शेजारणीकडून उसने घेऊन पैसे पाठवले. तेव्हा ज्यांची मुले जाणार आहेत त्यांना सांगतो: हजार-बाराशे युरो हाताशी निराळे असू द्या.

दुसरे सांगणे असे, की तिथल्या फावल्या वेळच्या कामाची मिळकत पहिले सहा महिने जमेच्या बाजूला धरू नका. कायद्याने वर्षात १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येते, किमान मजुरी २०२५ मध्ये तासाला १२.८२ युरो होती, हे सगळे खरे. पण काम मिळायचे ते भाषा येईल तसे. भाचीने जायच्या आधी वर्षभर पुण्यात जर्मनचे वर्ग केले होते, तरी बेकरीतली बाई काय म्हणते ते कळायला तिला दिवाळी उलटावी लागली.

डिसेंबरात तिने एक फोटो पाठवला. त्या डोंगराळ मुलखात नाताळच्या आधी घरोघर खिडकीत दिव्यांची लाकडी कमान ठेवतात. हिवाळ्यात खाणकामगार उजाडायच्या आत खाणीत उतरत आणि अंधार पडल्यावर वर येत. उजेडाची त्यांना केवढी ओढ असेल! सगळी गल्ली उजळलेली होती. खाली तिने लिहिले होते: 'आई, काल नऊ वाजता एकटी आले. काही झालं नाही.'

बहिणीने ते मला दोनदा वाचून दाखवले. कर्जाचे हप्ते अजून सुरू व्हायचे आहेत आणि वहीतली बरीच पाने कोरी आहेत. पण त्या रात्री, बऱ्याच दिवसांनी, ती लवकर झोपली.