समीकरणाच्या साधनातील दोष व त्यावरील उपाय

शहापूर व मुरबाड तालुक्यांतील शाळांत परिपत्रके व प्रश्नपत्रिका आता फाइलरूपानेही येतात. अशी फाइल नुसती उघडल्यानेही संगणक परक्याच्या ताब्यात जाऊ शकतो, हे शिक्षकांनी ध्यानी घ्यावे.

मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये गणिती समीकरणे लिहिण्याचे एक जुने साधन होते. २००० सालापासून त्यात दडलेला दोष २०१७ मध्ये उघडकीस आला. फाँटचे नाव नेमून दिलेल्या जागेत मावते की नाही, हे ते साधन तपाशीत नसे. हजेरीपटातील लांबलचक नाव शेजारच्या रकान्यात शिरून तेथील नोंद बिघडवावी, तसाच हा प्रकार होय. त्या जादा मजकुरात दडविलेल्या आज्ञा संगणक निमूटपणे पाळी. नोव्हेंबर २०१७ मध्ये दुरुस्ती निघाली. जानेवारी २०१८ मध्ये ते साधनच काढून टाकण्यात आले. परंतु ज्या संगणकावर दुरुस्ती बसविली नाही, तेथे दोष कायम राहतो.

यास्तव पुढील दक्षता घ्यावी :

(१) दुरुस्त्या वेळच्या वेळी बसवाव्यात. ऑफिस २०१० चे साहाय्य ऑक्टोबर २०२० मध्ये, तर २०१६ व २०१९ चे ऑक्टोबर २०२५ मध्ये संपले आहे. अशा जुन्या आवृत्त्या बदलाव्यात.

(२) फाइलीवर पिवळी पट्टी दिसल्यास, पाठविणाऱ्याकडे खात्री केल्यावाचून संपादनाची अनुमती देऊ नये.

मुलांच्या नोंदी शाळेच्या विश्वासावर सोपविलेल्या असतात. त्यांचे रक्षण हे शिक्षकाचे कर्तव्यच होय.