व्यसन हाहि आजारच

आमच्या एकोडीकडे वसंतांत मोहफुलें वेंचितात. तींच आंबवून दारूहि गाळितात. नित्य प्याल्यानें मेंदू दारूस सरावतो. मग ती न मिळाल्यास हात कांपतात, झोंप उडते, कधीं झटकेहि येतात. म्हणून ती वैद्याच्या सल्ल्यानेंच सोडावी; केवळ शपथ पुरत नाहीं. ह्याच जाणिवेनें पुण्यास १९८६ सालीं डॉ. अनिता व अनिल अवचट ह्या दांपत्यानें पु. ल. व सुनीता देशपांडे ह्यांच्या साहाय्यानें ‘मुक्तांगण’ स्थापिलें. तेथें औषधाबरोबर समुपदेशन होतें व घरच्यांसहि समजाविलें जातें. बरा झालेला पुन्हा घसरल्यास पुन्हा उपचार करावा. शुभवर्तमानांतील उधळ्या पुत्राच्या पित्यानें मागील हिशेब विचारला नाहीं. आम्हींहि विचारूं नये. मुलांनो, घरीं हें दुःख असल्यास लाजूं नका, शिक्षकांस सांगा. दोष तुमचा नाहीं.